आईंनी दूध सोडलं

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१९ सप्टेंबर १९९७

मीनाताई, नमस्कार.

आईंचा चष्मा देवघराच्या कोनाड्यात राहिला होता. आज कापडात गुंडाळून, वर पुठ्ठा लावून रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. त्याशिवाय त्यांना पोथी वाचता येत नाही, आणि पोथी वाचली नाही तर त्यांचा दिवस उगवत नाही, हे त्यांच्या लेकीला मी काय सांगणार!

नांदेडला पोचल्यावरचं तुमचं पत्र परवा मिळालं. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाचं तुम्ही इतकं कौतुक केलंत की वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. सोळा भाज्या, पुरण, आंबील सगळं एकटीने सोवळ्यात केलं हे खरं, पण आपल्या घरची रीतच तशी. देवीच्या स्वयंपाकाला एकच हात लागायचा. इतकी वर्षं तो आईंचा होता. तीन वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षीच, माझी पाळी थांबली तेव्हा त्यांनी तांब्याचा हंडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता चूल तुझी." त्याआधी वीस वर्षं महिन्याचे चार दिवस मी मागच्या खोलीत आणि त्या चुलीपाशी. सत्तरीत तरी त्यांना बसून खायला मिळतंय, याचं मला समाधान आहे.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून मी सकाळी कुठे जाते, ही पहिली. इंदिरा पार्कला. मागच्या वर्षी बसच्या पायरीवरून नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं, ते आठवत असेल. तेव्हा डॉक्टर पद्मावतींनी मला बाहेरून आलेल्या एका नव्या यंत्राखाली निजवून हाडांची घनता मोजून घेतली. म्हणाल्या, "वय तुमचं पंचेचाळीस अम्मा, हाडं पासष्टची." लवकर पाळी गेली की असं होतं म्हणे. म्हणून रोज पाऊण तास भरभर चालायचं, जिने चढायचे, भिंतीला हात लावून अंग ढकलायचं, वाळू भरलेल्या दोन बाटल्या उचलायच्या. प्रियदर्शिनी म्हणते, "मम्मी, तू नक्को येऊ माझ्यासोबत, बूट दिसतात." सोळा वर्षांच्या लेकीला आईची लाज वाटणारच.

दुसरं, माझ्या कपाटात साड्यांमागे तुम्हाला दिसलेलं पिवळ्या गोळ्यांचं पाकीट. ती कॅल्शियमची गोळी आहे. ओल लागू नये म्हणून आत ठेवते.

आईंना नमस्कार सांगा. दिवाळीपर्यंत त्या तुमच्याकडे आहेत तर त्यांना जरा ऊन द्या, त्या सदानकदा आत बसतात.

तुमची
शैला

*

नांदेड
१४ ऑक्टोबर १९९७

शैला,

फोनवर हेमंतला सांगितलं, तो येऊन ऑपरेशनपुरता राहून गेलाही, पण त्याने तुला काय सांगितलं असेल देव जाणे. माझा भाऊ तारेतल्यासारखं बोलतो. आणि एस.टी.डी.च्या बूथवर मागे चार माणसं ताटकळत उभी असली की मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

आई काही माडीवरून पडली नाही गं. तुळशीला पाणी घातलं, वळली आणि बसली. मी समोर उभी होते. खुब्याचं हाड मोडलं. इथले डॉक्टर म्हणाले, पडल्यामुळे मोडलं की मोडल्यामुळे पडल्या ते सांगता येत नाही, हाड भुसभुशीत झालंय. आत सळई घातली आहे. ते सगळं नीट झालं.

खरं दुखणं वेगळंच. शुद्धीवर आल्यावर पाणी नाही मागितलं, मला म्हणाली, "महालक्ष्म्यांचं काय चुकलं गं?" दुसऱ्या दिवशी बोलून मोकळी झाली की पुढच्या वर्षी देवी उभ्या राहीपर्यंत एक वेळ जेवणार, आणि दूध सोडलं. डॉक्टरांनी हात जोडले. "आजी, हाड भरायचं तर दूध पाहिजे." तर ती त्यांना म्हणते, "ज्यांनी मोडलं त्या भरतील. तुम्ही तुमची सळई सांभाळा." सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही.

आता तू एक काम कर. सगळा स्वयंपाक तुझ्या एकटीच्या हातचा. सोवळ्यात कुठेही काही चुकलं नाही, असं स्वच्छ लिहून पाठव. मी तिला मोठ्यांदा वाचून दाखवते. मला ती म्हणते, तू काय, धांदरट. तुझ्या शब्दावर मात्र तिचा भरवसा आहे.

तू आली नाहीस. प्रियदर्शिनीची सहामाही आहे असं हेमंत म्हणाला. असेल.

मीना

*

चिक्कडपल्ली
२१ ऑक्टोबर १९९७

मीनाताई,

हे आईंना वाचून दाखवा.

आई, साष्टांग नमस्कार. महालक्ष्म्यांच्या तिन्ही दिवसांत स्वयंपाकघरात काहीही चुकलं नाही. पाणी मी भरलं, डाळ मी निवडली, पुरण मी वाटलं. माझ्याशिवाय कोणी आत आलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. म्हातारपणी हाडं कमजोर होतातच, त्यात देवीचा काही संबंध नाही. दूध घ्या. दोन वेळ जेवा. ही माझी विनंती आहे.

मीनाताई, यापेक्षा जास्त लिहायला सुचत नाही. परीक्षा संपली की येते.

शैला

*

नांदेड
२४ नोव्हेंबर १९९७

शैला,

तुझं पत्र वाचून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. तिनेच वाचायला लावलं. मग डोळे मिटून म्हणाली, "शैलाच्या हातून चुकणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे माझंच." आणि शोधायला लागली. मुखवट्यांच्या पेटीला पाय लागला होता का, साडी नेसवताना देवीचा हात वाकडा झाला होता का, सवाष्णीला विडा द्यायचा राहिला का. चार दिवस तेच. शेवटी ठरवलं की पेटीला पाय लागला असणार. आता दही आणि ताकही सोडलंय. दुपारी भाकरी, वरण, संपलं.

अगं, निम्मी झाली आहे ती. हात धरला तर बांगडी कोपरापर्यंत जाते. व्यायाम घ्यायला एक मुलगा येतो, पायात बळ यावं म्हणून उभं करतो. ती त्याला सांगते, देवी उभी करतील तेव्हा उभी राहीन. डॉक्टर म्हणतात आता उभ्या राहिल्या नाहीत तर मग कधीच नाही. पाठीला जखमा व्हायला लागल्या आहेत.

तुझ्या पत्राने बरं होईल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. तुझा दोष नाही त्यात. पण परीक्षा संपून महिना झाला, शैला. तुला तिचं करायला लागेल या भीतीने येत नसशील तर तसं सांग. मी तिला इथेच ठेवीन. ती रोज तुझं नाव काढते, एवढं मात्र ऐकून घे.

मीना

*

चिक्कडपल्ली
७ डिसेंबर १९९७

मीनाताई,

हे पत्र आधी एकट्या वाचा. मग आईंना वाचून दाखवा. कुठलीही ओळ गाळू नका.

माझं २१ ऑक्टोबरचं पत्र खोटं होतं.

त्या पिवळ्या गोळ्या कॅल्शियमच्या नाहीत. कॅल्शियमची पांढरी असते, तीही मी घेते. पिवळ्या हार्मोनच्या आहेत. पाळी जाते तेव्हा शरीरात जे बनायचं थांबतं ते या गोळीतून मिळतं, आणि त्यामुळे हाडं झिजायची थांबतात. मनगट मोडल्यावर डॉक्टर पद्मावतींनी त्या सुरू केल्या. तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की माझं गर्भाशय जागेवर आहे, त्यामुळे प्रत्येक पाकीट संपलं की पाळी येईल. तशी ती येते. गेलं दीड वर्ष, दर महिन्याला.

मी कोणाला सांगितलं नाही. तुमच्या भावाला माहीत आहे. ते म्हणाले, "आईला कशाला सांगायचं?" मला तेच ऐकायचं होतं. आईंना सांगितलं असतं तर मी पुन्हा मागच्या खोलीत आणि सत्तरीतल्या बाईच्या हाती पुन्हा चूल. त्यांना त्रास नको म्हणून लपवलं, असं मी माझ्या डायरीत कितीदा तरी लिहिलं आहे. काल ती पानं काढून वाचली. सगळीकडे तेच वाक्य, तेच शब्द. खरं कारण इतक्या वेळा लिहावं लागत नाही. मला चूल आवडायला लागली होती. घरातलं कोणीही 'शैला, शिवू नको' म्हणत नाही, याची चटक लागली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी हे पुन्हा सुरू झालं आणि तेही गोळ्या खाऊन, हे सांगायची लाजही होती. लोक म्हणतील, बाईला तरुण व्हायचंय.

महालक्ष्म्यांचं सांगते. पाकिटावरून तारीख आधी कळते, आणि एखाद्या महिन्यात गोळ्यांची मांडणी बदलून ती पुढेमागेही करता येते. तशी मी जूनमध्येच केली होती. पण हिशेब केला तो मागच्या वर्षीच्या तारखा धरून. मागच्या वर्षी अधिक महिना होता, सण उशिरा आले होते. यंदा ते दहा दिवस अलीकडे येणार हे शाळकरी पोरीलाही कळलं असतं. मी पंचांग उघडलं नाही. तुमचं 'सात तारखेला निघते' असं पत्र आलं तेव्हा चूक लक्षात आली. डॉक्टर पद्मावती अमेरिकेला लेकीकडे गेल्या होत्या. त्यांना न विचारता गोळ्या वाढवायचा धीर झाला नाही. औषधाच्या बाबतीत मी अशी काटेकोर आहे.

पूजनाच्या दिवशी पहाटे न्हाऊन सोवळं नेसले आणि कळलं. बाहेर तुम्ही आणि आई देवींना साड्या नेसवत होता. आई तुम्हाला रागावत होत्या, "मीने, निऱ्या घालतेस का गाठोडं बांधतेस?" मला दारापर्यंत यायचं होतं. 'मीनाताई, आज चुलीपाशी तुम्ही बसा,' एवढंच म्हणायचं होतं. चार पावलं होती. मी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली.

मी विटाळ मानते का? नाही. एम.ए. झाले आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात मुलींच्या हाती शरीरशास्त्राची पुस्तकं देते. मग पुरण वाटताना देवीची क्षमा का मागत होते? आणि मानत असेन, तर वाटलं कसं? न मानणाऱ्या बाईने तोंडावर सांगावं की मी हे मानत नाही. वीस वर्षांत मी ते एकदाही म्हटलं नाही. मागच्या खोलीत चटईवर पुस्तक वाचत बसायचे आणि मनात सगळ्यांपेक्षा शहाणी व्हायचे.

आई पडल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, माझ्यामुळे. मी, जी मानत नाही. आणि पाठोपाठ काय आलं तेही लिहिते. आलं, बरं झालं, कोणाला कळलेलं नाही. आई हाड मोडून दवाखान्यात पडल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. म्हणून मी नांदेडला आले नाही. परीक्षेचं निमित्त होतं. प्रियदर्शिनी स्वतःच म्हणाली होती, "तू जा ना, मी मॅगी खाते." आईंचं करावं लागेल म्हणून येत नव्हते असं नाही. आईंनी माझ्याकडे बघितलं असतं तर मला उभं राहता आलं नसतं.

तुम्ही साक्ष मागितलीत आणि मी खोटी दिली. ती खोटी साक्ष खरी मानून आईंनी दोष स्वतःवर घेतला. पेटीला पाय लागला नव्हता. मुखवट्यांची पेटी मी आदल्या दिवशीच माळ्यावर ठेवली होती. तुमचं नोव्हेंबरचं पत्र येऊन दहा दिवस झाले. हे दहा दिवस मी काय करत होते? रोज सकाळी बूट घालून पार्कात चालत होते, आल्यावर पेलाभर दूध पीत होते. ऑगस्टमध्ये पुन्हा घनता मोजली, कण्याचं हाड चार टक्क्यांनी भरलं आहे. तेव्हा मला किती आनंद झाला होता.

आई, तुमचं काहीही चुकलं नाही. देवीनेही काही केलेलं नाही. तुमचं हाड मोडलं ते माझं मनगट मोडलं त्याच कारणाने. फक्त मला औषध मिळालं, तुम्हाला मिळालं नाही. कृपा करून दूध घ्या.

शैला

*

नांदेड
२३ डिसेंबर १९९७

शैला,

तुझं पत्र मी पाच दिवस पोळपाटाखाली ठेवलं होतं. मला तुझा इतका राग आला होता की उत्तर लिहायला बसले तर पेनाने कागद फाटला. तू खुशाल खोटं लिहिलंस आणि मी ते वेड्यासारखं तीनदा वाचून दाखवलं. मलाही तू खोटं बोलायला लावलंस, ते तुझ्या लक्षात आलंय का? इतकं सगळं खोदून लिहिलंस, त्यात हे नाही.

वाचायचं नाही असंच ठरवलं होतं. आईला काय वाटेल? पण परवा तिने दुपारची भाकरीही अर्धी बाजूला सारली, आणि मी पत्र काढलं. 'शेहेचाळिसाव्या वर्षी' तिथे मी थांबले. ती म्हणाली, "थांबू नको. तिने गाळू नको म्हटलंय ना?"

आज म्हणाली, कागद घे. पुढचं तिचं आहे. मी एक शब्द बदललेला नाही, पोथीवर हात ठेवून सांगते.

*शैला,*

*मीनाने वाचलं, मी ऐकलं.*

*विटाळाचं मी आणि देवी बघून घेऊ. त्यात तू मध्ये बोलू नको. तुझ्या हातचं त्यांनी खाल्लं, मी खाल्लं, पुरण दोनदा मागून घेतलं. ते काही आता बाहेर येत नाही. चांगलं झालं होतं.*

*पण तू एवढं लांब पत्र लिहिलंस, त्यात देवी किती वेळा आली, तू किती वेळा आलीस. मी शेवटी आले, चार ओळींत. मी दूध सोडलं हे तुला दसऱ्यापासून ठाऊक होतं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. तू तुझी हाडं भरलीस आणि माझी झिजतात ते कागदावर वाचत बसलीस. चुलीपाशी बसलीस त्याचा मला राग नाही आला एवढा याचा आला. लाज वाटायची असेल तर याची वाटू दे.*

*मागची खोली थंड असते ते मला माहीत आहे. मीही तिथेच निजले, पस्तीस वर्षं. मला कोणी पुस्तक दिलं नव्हतं.*

*देवीला सांगून दूध सोडलं होतं, आज देवीला सांगून धरलं. कपभर घेतलं, जड गेलं.*

*त्या डॉक्टरणीला विचार, सत्तर वर्षांच्या बाईला ती पिवळी गोळी चालते का. मला पाळी नको, तेवढं सांग तिला.*

*भामा*

सही तिने स्वतः केली आहे.

मीना

*

चिक्कडपल्ली
१० जानेवारी १९९८

आई,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोथीएवढ्या अक्षरांत काढते आहे, म्हणजे मीनाताईंना वाचून दाखवावं लागणार नाही. तुम्हाला मोठं अक्षर वाचता येतं हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी मागचं पत्र मी बारीक अक्षरात लिहिलं आणि मीनाताईंच्या तोंडून वदवलं. मीनाताईंना माझं म्हणणं कळवा, त्यांचा राग योग्य आहे. त्यांची मी माफी मागते. ती गोष्ट खरंच माझ्या लक्षात आली नव्हती.

तुमचं पत्र मी रोज वाचते. तुम्ही म्हणालात त्याचीच लाज वाटते आहे. दुसरी होती ती आता कुठे दिसत नाही.

डॉक्टर पद्मावती परत आल्या आहेत, त्यांना विचारलं. या वयात ती गोळी नव्याने सुरू करत नाहीत. फायद्यापेक्षा धोका जास्त. माझ्याही तब्येतीवर त्या दर वर्षी लक्ष ठेवतात. तुम्हाला पाळी नको हे मी सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. म्हणाल्या, "अम्मांना सांगा, नाही येणार. पण अम्मांनी उभं राहायलाच पाहिजे." हाडावर भार पडला तरच हाड भरतं. दूध, दही, कॅल्शियमची पांढरी गोळी, सकाळचं ऊन, आणि व्यायाम.

व्यायाम असा. खुर्ची भिंतीला टेकवायची. तिच्यावर बसायचं. दोन्ही हातांनी समोरच्या माणसाचे हात धरायचे आणि उठायचं. दहा मोजेपर्यंत उभं राहायचं. बसायचं. सुरुवातीला पाच वेळा. आठ दिवसांनी दहा. नंतर भिंतीला धरून एकेक पाय बाजूला उचलायचा. मी हे सगळं डॉक्टरांसमोर करून बघितलं आहे. आधी तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच करायचं, हेही त्यांनी बजावलंय.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे. तिळात कॅल्शियम असतं, म्हणून तीळ जास्त आणि गूळ कमी घातलाय. थोडा कोरडा लागेल.

मी कॉलेजातून पंधरा दिवसांची रजा काढली आहे. २५ जानेवारीला नांदेडला पोचते. आता जे सांगायचं ते आधीच सांगते. पाकिटाप्रमाणे माझी तारीख २७ आहे. या वेळी पंचांग आणि पाकीट दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. २७ ते ३० मी तुमच्या खोलीत यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. कुठे बसायचं, कुठे निजायचं, तुम्ही सांगाल तसं. लांबून मी पाणी भरेन, कपडे धुईन. पण तो व्यायाम लांबून घेता येत नाही. हात धरावे लागतात. म्हणून विचारते.

शैला

*

(पोस्टकार्ड)

नांदेड
१७ जानेवारी १९९८

शैला,

तुझं पत्र आईने स्वतः वाचलं. दीड दिवस लागला. मला बघू दिलं नाही, मग शेवटी माझ्याबद्दल लिहिलेलं तेवढं बोट ठेवून दाखवलं. ठीक आहे. आल्यावर बोलू.

तिळगूळ खरंच कोरडा आहे. पण तिने डबा उशाशी ठेवलाय.

२७ तारखेचं विचारलं. म्हणाली, "लिही तिला. त्या चार दिवसांत मला तिच्या हातचं पाणी नको, जेवण नको. हात पाहिजे."

मीना